उतारवाले चाचा

चाचा नव्या कामाचा पहिला शर्ट छापला की तो चिमट्यानं शटरला टांगायचे आणि सरळ रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. दारव्ह्याच्या बसस्टँडकडे जाणारा तो रस्ता. सवारी भरलेल्या जीपा, सोयाबीनची पोती लादलेले ट्रॅक्टर आणि मध्येच बसलेल्या गाई. चाचांना यातलं काहीच दिसत नसे. पलीकडच्या पानठेल्याजवळ पोचल्यावर ते मागे वळायचे, डोळे बारीक करायचे आणि आपल्याच दुकानाकडे परक्यासारखे पाहत राहायचे. जीपवाले हॉर्न मारून मारून थकले आणि शेवटी त्यांनीच चाचांना वळसा घालायची सवय लावून घेतली. परत आल्यावर चाचा एकच शब्द बोलत. काम जमलं असेल तर "उतरला". नसेल तर "पायरी". पायरी म्हटलं की ते काम पुन्हा पहिल्यापासून.

या दोन शब्दांचा अर्थ कळायला मला वेळ लागला. गडद रंग हळूहळू फिका होत कापडात विरून जातो, त्याला गिऱ्हाईक शेड म्हणतं. चाचा उतार म्हणत. चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या जाळीतून शाई ओढून छापताना फिका रंग असा काही नसतोच. शाई एक तर पडते किंवा पडत नाही. मग फिकेपणाचा भास ठिपक्यांनी करायचा. गडद बाजूला ठिपके एकमेकांना चिकटलेले, पुढे सुटे होत जाणारे. डोळा फसतो आणि माणसाला उतार दिसतो. तो मध्येच कुठे तुटला आणि रंगाची कड उमटली, तर ती पायरी. "जवयून ठिपके दिसतीन, दुरून उतार दिसला पायजे," असं ते सांगत. रस्ता ओलांडायचं कारण एवढंच होतं.

मी त्यांच्याकडे आले तेव्हा जगावर रागावलेली होते. नवऱ्यापासून वेगळी होऊन अमरावतीहून भावाकडे परत आले होते. घरात सगळे माझ्याशी फार जपून बोलत, आणि त्या जपण्याचा मला वीट आला होता. संगणकावर लग्नपत्रिका, बॅनर करता येत होते, म्हणून बसायला जागा शोधत होते. चाचांचं दुकान लांबोळकं. त्यांनी मधोमध प्लायवूड ठोकून पुढचा भाग मला दिला. माझ्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. फक्त म्हणाले, "बेटा, माह्याकडून शाईचा वास येईन. तुह्याकडून काय येते ते पाहू." त्या गावात माझ्याशी न जपता बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

आधी ते सगळी चित्रं हातानं, ट्रेसिंगच्या कागदावर बारीक पेनानं ठिपके देत काढायचे. मी आल्यावर कलाकाम माझ्याकडे आलं. पहिलंच मोठं काम फुलसावंगीच्या व्हॉलीबॉल संघाचं. छातीवर गडद लाल आणि खाली येता येता पांढऱ्यात मिसळणारा. संगणकानं मला दोन मिनिटांत सुबक ठिपके काढून दिले, रांगेत, शेवटाकडे बारीक होत गेलेले. पडद्यावर ते इतकं सुंदर दिसलं की मी स्वतःवरच खूष झाले. शर्टावर मात्र पोटाशी येऊन रंग पट्टी ठेवून कापल्यासारखा थांबला. संघातला एकजण अगदी भाबडेपणानं म्हणाला, "ताई, धुतानी रंग गेला काय इथला?" ते गेल्यावर मी प्लायवूडमागे जाऊन रडले. रडणं त्या शर्टासाठी नव्हतं, पण निमित्त त्याचं झालं.

चाचांनी समजूत घातली नाही. जाळी दाखवली. म्हणाले, कम्प्युटर ठिपका बारीक बारीक करत नेते, पण अती बारीक ठिपका जाळीवर उघडतच नाही, बुजून जाते. मग म्हणाले, तू करत राह्य, जमते. आणि खरोखर जमलं. पुढच्या कामापासून माझ्या एकाही उतारात पायरी आली नाही. मी ट्रेसिंग काढून द्यायची, चाचा ते काचेच्या टेबलावर ठेवून भिंगातून बराच वेळ पाहत बसायचे आणि मग छापायला घ्यायचे. आपलं काम एवढं तपासतात याचा मला थोडा रागही यायचा. गणपती मंडळांचे शर्ट, निळ्या जयंतीचे, हिरव्या जुलुसाचे, शाळांच्या क्रीडास्पर्धांचे, सगळ्यांचे उतार गुळगुळीत. दोन वर्षांत मी लोकांना खुशाल सांगू लागले की शेडचं काम माझ्यासारखं तालुक्यात कुणाला येत नाही. चाचा ऐकत आणि मान डोलवत.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला कसून शिकवली. ट्रेसिंगवरचं चित्र उजेडानं जाळीवर उमटतं, म्हणून तो उजेड देण्याआधी ट्रेसिंग खिडकीशी धरून पाहायचं. कुठे धूळ, शाईचा शिंतोडा दिसला तर ब्लेडच्या टोकानं हलकेच खरवडून टाकायचा. "कचऱ्याचा ठिपका बी छपते. शर्टाले थोडी मालूम राह्यते, कोनता आपला अन् कोनता परका." या कामात मी इतकी पटाईत झाले की ट्रेसिंग चाचांच्या हाती देण्याआधी माझ्या नजरेतून एक कणही सुटत नसे.

चाचांचं लांबचं दिसणं शाबूत होतं, जवळचं गेलं होतं. पानठेल्यावर टांगलेल्या पुडीवरचं नाव ते इथून वाचत, आणि हातातल्या कपात माशी पडलेली त्यांना दिसत नसे. चष्मा होता, पण त्याच्या काचांवर इतक्या वर्षांची शाई उडालेली की तो घातल्यावर त्यांना जग बहुधा ठिपक्यांचंच दिसत असावं. मी एकदा तो घासून स्वच्छ केला. त्यांनी घातला, आरशात स्वतःकडे पाहिलं आणि म्हणाले, "बम म्हातारा झालो की मी." पुन्हा काही त्यांनी तो धुऊ दिला नाही.

दुकानामागच्या खोलीत ते एकटे राहत. चाची मी यायच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. दुपारी जेवायला बसताना ते शटर अर्धं उघडं ठेवत. मला वाटायचं, गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून. एकदा भरउन्हाळ्यात लू आत येत होती, तेव्हा मी ते ओढायला गेले, तर नको म्हणाले. बंद दाराआड जेवलं की आपल्याच चावण्याचा आवाज ऐकू येतो, असं म्हणाले. त्यानंतर मी माझा डबा प्लायवूडच्या अगदी जवळ बसून खाऊ लागले. एकत्र जेवायला बसलो असं कधी झालं नाही. ते तिकडे, मी इकडे. पण त्यांचं ताट वाजलेलं मला ऐकू यायचं आणि माझ्या डब्याचं झाकण त्यांना. दुपारी चार वाजता ते शाई ओढायच्या लाकडी दांड्यानं प्लायवूडवर दोनदा ठोकायचे. म्हणजे चहा झाला. दिवसातून तेवढं एकदाच कुणीतरी मला बोलवायचं, आणि मी साडेतीनपासून कान देऊन बसायची.

चाचींबद्दल ते एकदाच बोलले. त्यांना ताप आला होता, आणि सकाळी मी खोलीच्या दाराशी जाऊन विचारलं, चाचा, काही उतार पडला का? पांघरुणातून हसण्याचा आवाज आला. "कोनत्या उताराचं पुसून राह्यली, तुह्या का माह्या?" मग हसणं थांबलं आणि ते छताकडे पाहत म्हणाले, "लोकाईचे मानसं बिमार पडते, झुरते, मंग जाते. आपल्याले समजत जाते. तुही चाची गेली तं उतार नव्हताच, बेटा. सकायी तिनं पोहे केले, दुपारी नव्हती. पायरी होती." मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि पुढे येऊन बसले. त्या दिवशी माझ्याच्यानं काम झालं नाही.

त्यांचा मुलगा हैदराबादला एसी दुरुस्तीचं काम करायचा. स्वभावानं चांगला. दर रविवारी फोन करायचा, आणि चाचांना जवळची बटणं दिसत नसल्यामुळे फोन नेहमी स्पीकरवरच असायचा, म्हणून त्या बापलेकांचं सगळं बोलणं मला पाठ होतं. अब्बा, इकडे या. अब्बा, एकटे किती दिवस राहाल? चाचांचं उत्तरही ठरलेलं. "ज्या दिशी माह्या हातच्या उतारात पायरी दिसीन, त्या दिशी येतो. तवरोक तू मले बलावजो नोको." मुलगा वैतागून हसायचा. मला मात्र त्या उत्तरानं धीर यायचा. चाचांच्या कामात पायरी येणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि चाचा गेले तर चार वाजता मला कोण बोलवणार, हेही ठाऊक होतं.

मग सनाचा शर्ट आला. सना ही मुलाची मुलगी, सात वर्षांची. तिनं फोनवर दादांकडे, म्हणजे आजोबांकडे, शर्ट मागितला, आभाळाचा. वर निळं आणि खाली काहीच नाही, असा. मी लगेच संगणक सुरू केला, तर चाचांनी हात केला. हा मी काढतो म्हणाले. तीन दुपारी ते खिडकीशी बसून होते. शिंतोड्यांचा चष्मा, त्यावर भिंग, आणि पेनाचं टोक कागदावर टेकायच्या आधी हवेत जरासं थरथरायचं. ते थरथरणं मी प्लायवूडच्या फटीतून पाहिलं. तेव्हापासूनच बहुतेक मी मनात ठरवून टाकलं होतं की म्हातारा आता थकला.

तिसरा दिवस शुक्रवार होता. ट्रेसिंग पुरं करून ते नमाजाला गेले. आलो की उजेड देऊ, म्हणाले. कागद काचेवर तसाच होता. मी सवयीनं तो उचलून खिडकीशी धरला. वरचा भाग असा होता की बघत राहावं, संगणकाला जन्मात जमणार नाही असा. पण खालच्या बाजूला, जिथे उतार संपत आला होता, तिथे कोऱ्या कागदावर इकडे एक, तिकडे एक असे ठिपके उडालेले. ना रांग, ना अंतर सारखं. पेन थुंकलं असणार. हात थरथरतोय, त्यांना दिसलंही नसेल. सांगितलं तर त्यांना किती वाईट वाटेल, असा विचार करून मी ब्लेड घेतलं आणि एकेक ठिपका खरवडून काढला. अर्धा तास लागला. कागद स्वच्छ झाला. चाचांची लाज राखली म्हणून मला त्या वेळी फार बरं वाटलं.

ते आले. उजेड आरपार जावा म्हणून कागदाला तेल लावलं, तो जाळीवर ठेवला, उजेड दिला, जाळी धुतली. निळी शाई ओढली. तो लहानसा शर्ट चिमट्यानं शटरला टांगला आणि रस्ता ओलांडून गेले. मी आतून पाहत होते. ते वळले, डोळे बारीक केले. एरवी दोन मिनिटांत परत यायचे. त्या दिवशी मध्ये जीप आली, गेली, दुसरी आली, गेली, तरी चाचा तिथेच. परत आले तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आली."

मी बाहेर जाऊन पाहिलं. निळा रंग सुरेख उतरत येत होता आणि पोटाशी एकाएकी संपला होता. फुलसावंगीच्या शर्टावर संपला होता तसाच. मी म्हटलं, पुन्हा काढू या ना. ते स्वतःची बोटं पाहत होते, जवळून, म्हणजे त्यांना ती दिसत नसणारच. "हातानं सांगतलं न आता. अजून कोनाले पुसू?" आणि मी काय केलं? मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, चाचा, खूप केलं तुम्ही, आता आराम करा. माझ्याशी गावातले लोक जसे जपून बोलायचे, तसंच मी त्यांच्याशी बोलले. रविवारी मुलाचा फोन यायची वाट न बघता त्यांनी आपणहून लावला.

पंधरा दिवसांत आवराआवर झाली. जाळ्या आणि टेबल दिग्रसच्या एका छपाईवाल्याकडे गेलं. मागची बाजू मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यानं घेतली. मुलगा न्यायला आला. चाचांनी मला सुतळीनं बांधलेला जुन्या ट्रेसिंगचा गठ्ठा दिला. "रद्दीत देऊ नोको. पाह्यत जाजो कधी कधी." बसस्टँडवर मी पिशवी धरून उभी होते. सनाचा शर्ट त्यांनी सगळ्यात वर, घडी मोडू नये असा ठेवला होता. बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात केला, पण माझ्या बाजूला नाही, थोडा डावीकडे. जवळ उभी होते ना मी.

नंतर फोन व्हायचे. तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे, सून चांगली आहे, सनानं तो शर्ट शाळेत घालून नेला. करमतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "सगळं हाय. फक्त इथं दूर काही नाही, बेटा. खिडकीच्या समोर भित. सगळं जवयच हाय." जवळचं न दिसणाऱ्या माणसाला सगळं जवळच होतं. मी हसण्यावारी नेलं आणि विषय बदलला.

दोनेक महिन्यांनी मुकुटबनच्या एका शाळेचं काम आलं. हिरवा उतार. मी ट्रेसिंग काढलं आणि छपाई दिग्रसला दिली. शर्ट आले तर सगळ्यांवर पायरी. मी छपाईवाल्याशी कडाकडा भांडले. दोन वर्षांत असं कधी झालं नाही, असं त्याला सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, ताई, तुमच्या ट्रेसिंगमध्येच शेवट नाही. त्याला जुनं काम दाखवून गप्प करावं म्हणून मी गठ्ठा सोडला. वरचंच ट्रेसिंग खिडकीशी धरलं. माझं. रांगेतले सुबक ठिपके, आणि ते संपतात तिथून पुढे, पेनानं दिलेले, इकडे एक, तिकडे एक, रांग नसलेले ठिपके. बारीक नव्हते. सगळे एकाच आकाराचे, जाळीवर उघडतील असे, फक्त एकमेकांपासून लांब लांब जात शेवटी एकटे पडलेले. दुसरा कागद घेतला. त्यावरही. तिसऱ्यावरही. गणपतीचे, जयंतीचे, जुलुसाचे, माझ्या प्रत्येक उताराला चाचांनी भिंग लावून शेवट काढून दिला होता. मी रडले होते त्या दिवसानंतरच्या एकाही कामाला त्यांनी मला पायरी दिसू दिली नव्हती, आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मला ते ब्लेड आठवलं.

फोन करायला मला आठ दिवस लागले. लाज वाटत होती हे खरंच, पण भीती जास्त होती. आता सांगून काय होणार, जाळ्या गेल्या, जागा गेली, असंही मनाला समजावून पाहिलं. आठव्या दिवशी दुपारी लावला. सगळं सांगितलं. शुक्रवार, खिडकी, पेन थुंकलं असं वाटणं, ब्लेड.

मग ते म्हणाले, "म्हंजे हात बरोबर होता?"

मी हो म्हटलं. हात अगदी बरोबर होता, चाचा.

ते हसले. खूप दिवसांनी तसं हसले. सनाला हाक मारून त्यांनी हिंदीत सांगितलंसुद्धा की तेरे दादा का हाथ एकदम सही था. तिला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. माझ्यावर रागावतील म्हणून मी तयारी करून बसले होते आणि ते आनंदात होते. मलाही सुटल्यासारखं झालं. मग तिकडे हळूहळू शांत झालं. पंख्याचा आवाज येत होता. राग नाही, काही नाही, नुसतं विचारावं तसं ते म्हणाले, "मंग मी इथं कायले आलो, बेटा?"

प्लायवूडपलीकडे मोबाइलवाल्याचं गाणं चालू होतं. शेवटी चाचांनीच मला सोडवलं.

"चार वाजले असतीन तिकडं," ते म्हणाले. "चाय पिली का?"

मी म्हटलं, हो, आत्ताच पिली.